कुलपातला मीटर

"यातला बोर्ड बदललाय का न्हाई, एवढंच सांगा आप्पा. हो की न्हाई?"

आप्पांनी लॅपटॉपच्या पिशवीकडे पाहिलंच नाही. ते मन्मथच्या तोंडाकडे पाहत होते.

"घरी सगळे बरे हायेत?"

"बरे हायेत. पण बोर्ड..."

"आधी पाणी पी."

मन्मथनं तांब्या तोंडाला लावला, पण नजर दारावर होती. येताना त्यानं गाडी मठाच्या पुढच्या दारात न लावता मागच्या बोळात लावली होती. आपण इथं आलो हे कुणी बघावं आणि काशिनाथच्या कानावर घालावं, हे त्याला नको होतं.

उदगीरच्या त्या मठामागच्या खोलीत बसवलिंगआप्पा एकटेच राहत. उमेदीत त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, पुढे टीव्ही, मग कॉम्प्युटर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हात थांबले. त्यांच्या हाताखाली दोघं शिकले, मन्मथ आणि काशिनाथ. दोघांनी मिळून मोंढ्याच्या बाजाराजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. मन्मथ मध्यंतरी हैदराबादला तीन महिन्यांचा कोर्स करून आला. त्याचं सर्टिफिकेट गिऱ्हाइकाला आल्याआल्या दिसेल अशा जागी टांगलेलं आहे. काशिनाथकडे टांगायला काही नव्हतं, तो आपला मान खाली घालून काम करायचा.

करायचा म्हणायचं, कारण चार दिवसांपूर्वी मन्मथनं त्याला दुकानातून काढलं होतं.

"काय झालं ते सांग," आप्पा म्हणाले.

"शाळेच्या मोठ्या बाईंचा लॅपटॉप हाय. बटन दाबलं तर काहीच न्हाई, ढिम्म. बाई म्हणतात, पाणी सांडलं न्हाई. सगळेच तसं म्हणतात म्हणा. सोमवारी मी उघडला. मीटर लावला, बोर्डावर एकोणीस व्होल्ट येत होते. म्हणलं किरकोळ काम हाय, येऊन करू. मंगळवारी मला देगलूरला लग्नाला जायचं होतं. जाताना काशिनाथला बजावलं, माझ्या माघारी याला हात लावायचा न्हाई."

"मग?"

"बुधवारी मीटर लावला तर शून्य! सगळीकडं शून्य. चार्जर शून्य. दुकानातले दुसरे दोन चार्जर, तेबी शून्य. आणखी दोन गिऱ्हाइकांच्या मशिनी होत्या, त्याबी मेलेल्या. एका दिवसात, आप्पा! चांगला माल काढून घेतला आन् भंगार बसवलं. दुसरं काय असणार?"

"चार्जर दुसऱ्या मशिनीला लावून बगितलास?"

"मीटर शून्य दाखवतोय तर लावून काय बगायचं?"

आप्पा गप्प राहिले.

ही गप्प राहण्याची त्यांची सवय मन्मथला पहिल्यापासून आवडत नसे. शिकत असतानाही त्याला वाटायचं, म्हाताऱ्यानं काहीतरी हातचं राखून ठेवलंय. आणि आता तर मनात पाल चुकचुकली. काशिनाथ आधीच इथे येऊन आप्पांचे कान भरून गेला नसेल ना?

"तो आला होता काय इकडं?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"काशिनाथ."

"न्हाई."

मन्मथचा विश्वास बसला नाही. कोपऱ्यात चपलांचे दोन जोड होते. दोन्ही आप्पांचेच निघाले, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"त्याला विचारलंस?" आप्पांनी विचारलं.

"विचारलं की. तर म्हणतो, मी हात लावला न्हाई, पण बटनाची पट्टी बग एकदा, या कंपनीच्या मशिनीत ती निसटते. बगा! बोर्ड गिळून बसलाय आन् मला पट्टी दाखवतोय. मी म्हणलं, निघ. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आन् गेला. एक शब्द बोलला न्हाई. खरा असता तर भांडला नसता का? सोताची हत्यारंबी नेली न्हाईत. परत यायला निमित्त पायजे असंल."

"भांडला असता तर काय म्हणला असतास?"

"म्हणलो असतो..." मन्मथ थांबला. "चोराला राग लौकर येतो, असं म्हणलो असतो."



मन्मथनं खिशातून मोबाईल काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. तालुक्यातल्या सगळ्या दुरुस्तीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. मेसेज लिहून तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी. आप्पांना अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्यानं वाचून दाखवलं:

"सर्वांना कळावे की काशिनाथ हा गिऱ्हाइकांच्या मशिनीतले पार्ट चोरतो. त्याला कोणीही कामावर ठेवू नये."



"तुम्ही नुसतं हो म्हणा आप्पा. गुरू म्हणून तुमचं नाव खाली टाकतो आन् पाठवतो."

हा मेसेज गेला असता तर काशिनाथला उदगीरातच काय, देवणी-जळकोटातही कुणी पेचकस हातात धरू दिला नसता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. हे मन्मथला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच अंगठा चार दिवस अडला होता.

"मीटर आणलास?" आप्पांनी विचारलं.

मन्मथनं पिशवीतून एक लोखंडी डबी काढली. कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली. डबीचं कुलूप उघडलं.

आप्पांच्या भुवया वर गेल्या.

"मीटरला कुलूप?"

"दिवाळीपास्नं लावतोय. कुणी हात लावू नये म्हणून. माझ्या माघारी तो काय काय करतोय कुणाला ठाऊक."

आप्पांनी मीटर हातात घेतला. त्याच्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी, मीटरभोवती करकचून आवळलेल्या होत्या.

"अशी का गुंडाळतोस?"

"ढिली गुंडाळली तर डबीत मावत न्हाई."

आप्पांनी वायरी हळूहळू सोडवल्या. मीटरचं बटन चाचपत फिरवून आवाजाच्या खुणेवर आणलं. लॅपटॉप अजून पिशवीतच होता. त्यांनी एका हातात लाल टोक धरलं, दुसऱ्या हातात काळं, आणि दोन्ही टोकं एकमेकांना लावली.

...

मन्मथला हे चांगलं ठाऊक होतं. आप्पा आयुष्यभर असंच करत आले होते. कामाला हात घालण्याआधी दोन टोकं एकमेकांना लावायची, पीं वाजलं म्हणजे मीटरच्या वायरी शाबूत, मग पुढचं काम. शिकताना मन्मथला वाटायचं, ही म्हाताऱ्याची पूजा आहे, गंध लावावं तशी. हैदराबादहून आल्यावर त्यानं ती सोडून दिली. काशिनाथ मात्र दिवसभर आपल्या मीटरचं पीं पीं करत बसायचा, आणि मन्मथ त्याच्यावर वैतागायचा.

आप्पांनी टोकं पुन्हा लावली.

...

पीं झालं नाही.

"सेल गेला असंल," मन्मथ म्हणाला. पण मीटरच्या पडद्यावरचे आकडे तर ठळक दिसत होते.

आप्पांनी लाल वायर बोटांमधून सरकवत नेली. टोकापासून वीतभर अंतरावर बोटं थांबली. डबीत बसवताना वायर जिथे रोज दुमडली जायची, तीच ती जागा. वरून काही दिसत नव्हतं, पण आतली तार तुटलेली लागत होती. आप्पांनी तेवढी जागा चिमटीत सरळ धरली.

"आता लाव."

मन्मथनं टोकं एकमेकांना लावली.

पीं.

आप्पांनी चिमूट सैल केली. आवाज गेला. पुन्हा धरली. पीं.

मन्मथ खाली बसला.

"काढ तो लॅपटॉप," आप्पा म्हणाले. "मी धरतो, तू मोज."

मन्मथनं चार्जर भिंतीतल्या प्लगात घातला आणि मीटरचं बटन व्होल्टवर आणलं. म्हातारा गुरू वायर चिमटीत धरून बसला आणि शिष्य मोजायला लागला. चार्जर, एकोणीस. लॅपटॉप उघडला. बोर्ड, एकोणीस. सोमवारी जिथे जितके होते, तिथे तितकेच. काही गेलं नव्हतं, काही बदललं नव्हतं.

मग त्याला नको असलेली गोष्ट आठवली. बटनापासून बोर्डापर्यंत कागदासारखी पातळ पट्टी जाते. त्यानं तिथे बोट लावलं. पट्टीचं टोक खाचेतून अर्धं बाहेर आलं होतं.

त्यानं ते नखानं आत सारलं आणि बटन दाबलं.

आधी पंख्याची घरघर आली, मग पडदा उजळला. मोठ्या बाईंनी पडद्यावर शाळेच्या गॅदरिंगचा फोटो लावला होता. पन्नासेक पोरं दात काढून हसत होती.

एरवी मशीन सुरू झाली की मन्मथ टाळी द्यायला हात पुढे करायचा. टाळी घ्यायला काशिनाथ असायचा. आत्ताही हात अर्धा उचलला गेला, मग त्यानं तो मांडीवर ठेवला. त्याला लाज वाटली. इतकी वाटली की आप्पांना नीट दिसत नाही, याचंच त्याला बरं वाटलं.

"पट्टीच होती," तो म्हणाला.



मन्मथनं मोबाईल घेतला. मेसेजचं एकेक अक्षर पुसलं. शेवटी काशिनाथचं नाव राहिलं, तेही पुसलं.

"पुसलं आप्पा. कुणी बगितलं न्हाई. उद्या त्याला दुकानात बोलावून घेतो."

"बोलावू नको."

"मग?"

"त्याच्या घरी जा. आत्ता."

मन्मथ उठला आणि दाराशी जाऊन थबकला. डोक्यात किडा वळवळलाच.

"दार उघडलं न्हाई तर? आन् समजा उघडलं, तोंडावर गोड बोलला, येतो म्हणला... पण मनात डूख धरून राहिला तर? त्याच्या मनात काय हाय ते मला कसं कळायचं आप्पा?"

आप्पा मीटरच्या सुटलेल्या वायरी सारख्या करत बसले.

मन्मथ परत फिरला. लॅपटॉप पिशवीत भरला, डबी भरली. वायर नवी घालू, असं पुटपुटत मीटर उचलायला वाकला.

आप्पांनी मीटरवर हात ठेवला.

"जा. मीटर हितंच ठेव. तिथं हा चालत न्हाई."