पाखराचे माप

घाटाखालच्या एका बाजारगावात एक शिंपी होता. नाव यशवंत पतंगे, पण सगळे गाव त्याला अण्णा म्हणे. अण्णांचा हात चांगला होता आणि ही गोष्ट सर्वांत जास्त अण्णांनाच ठाऊक होती. त्यांनी शिवलेला सदरा असा बसायचा की खांद्यावर सुरकुती शोधून सापडत नसे. त्या सदऱ्यात हात वर करून फळीवरचा डबा काढता यायचा नाही, हेही खरे. एकदा तर एका नवरदेवाला त्यांच्या हातच्या कोटात वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकता येईना. बिचाऱ्याने उभ्या उभ्याच सगळ्यांना नमस्कार केले. तक्रार आली तेव्हा अण्णा म्हणाले, "कपडा बसला ना अंगावर? मग झालं."

दुसरे शिंपी शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात. पुढे अंग भरले तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा, म्हणून. या जास्तीच्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात आणि ते ठेवण्याला 'माया सोडणे'. अण्णा माया ठेवत नसत. "ज्याचा आपल्या मापावर भरवसा नाही, त्यानं माया ठेवावी," असे म्हणत ते कात्री चालवत. त्यांच्या पत्नी इंदूबाई शेजारी बसून काजे करत आणि हूक लावत. त्या हे ऐकून घेत. काज करताना बोलले की टाका चुकतो.

त्यांना एकच मुलगी, रेवती. दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये छोटे अंगण. जेवणाची वेळ झाली की रेवती मागच्या दारात उभी राहून शिट्टी वाजवायची. एक लांब सूर आणि मग दोन आखूड. "मुलीच्या जातीनं शिट्ट्या मारू नयेत गं," असे इंदूबाई म्हणत, पण हसत म्हणत. कारण मशीनच्या आवाजात अण्णांना हाका ऐकू येत नसत आणि शिट्टी मात्र नेमकी ऐकू यायची.

रेवतीचे लग्न झाले आणि घरातली शिट्टी गेली. इंदूबाई हाका मारून दमत, ताट निवून जाई. मुलीची आठवण येते असे अण्णा कधी बोलले नाहीत. दुपारी मधेच मशीन थांबवून ते मागच्या दाराकडे बघत बसत, एवढेच.

वर्षाच्या आत रेवती माहेरपणाला आली, ती एक पाखरू घेऊन. राखाडी अंग, पिवळे डोके, गालांवर रंग फासल्यासारखे दोन केशरी ठिपके आणि डोक्यावर तुरा. त्याला कॉकटील म्हणतात, असे तिने सांगितले. ते नाव इंदूबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचे नाव तुर्रा ठेवले. तुर्रा रेवतीच्या बोटावर बसला, त्याने मान तिरकी केली आणि शिट्टी वाजवली. एक लांब सूर, मग दोन आखूड.

अण्णांनी चटकन मागच्या दाराकडे पाहिले.

"सासरी मी त्याला हीच शिकवली," रेवती म्हणाली. "मी नाही, तर माझी शिट्टी तरी राहू दे या घरात. पिंजरा मात्र तुम्हीच आणा, अण्णा. त्याला पुरेल असा."

रेवती सासरी परतली. अण्णांनी ते काम मनावर घेतले. त्यांना शब्दही कामातलाच मिळाला होता, 'पुरेल असा'. किती कापड कोणाला पुरते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि तुर्र्याला मशीनवर बसवून त्याचे माप घेतले. चोचीपासून शेपटीपर्यंत लांबी. खांद्यापासून खांद्यापर्यंत रुंदी. तुऱ्यापासून नखांपर्यंत उंची. टेपला भिऊन पाखरू अंग चोरून बसले होते. अण्णांना वाटले, शहाणे गिऱ्हाईक आहे, हलत नाही.

बाजारात शब्बीर पिंजरे विणायचा. त्याने अण्णांना एक लांबरुंद पिंजरा काढून दाखवला. "हा न्या. असाच आडवा लागतो त्याला."

अण्णांनी पिंजऱ्याला सगळ्या बाजूंनी न्याहाळले. "ढगळ आहे," ते म्हणाले.

"पाखराला विचारलंत का?"

"गिऱ्हाइकाला विचारून मी माप घेत नाही."

शब्बीरने मग अण्णांच्या मापाबरहुकूम पिंजरा विणून दिला. दिसायला तो देखणाच होता. पितळी तारा, वर घुमट, घुमटाला कळस. तुरा वर टेकत नव्हता आणि शेपटी खाली लागत नव्हती. तुर्रा आत बसला की पिंजरा त्याच्यासाठीच जन्माला आला असे वाटे. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणे, "वा अण्णा! अगदी अंगासरसा बसलाय." अण्णांचा ऊर भरून येई.

सुरुवातीला तुर्रा दुपारी शिट्टी वाजवायचा. अण्णा मशीन थांबवून उठायचे आणि ताट गरम असायचे. मग शिट्टी एक दिवसाआड ऐकू येऊ लागली. पुढे ती अर्धीच यायची, नुसता लांब सूर. शेवटी तोही बंद झाला. शेपटीची पिसे तारांना घासून विस्कटली. तुर्रा दिवसभर एका जागी बसून राहायचा आणि चोचीने स्वतःच्याच छातीवरची पिसे उपटायचा. तिथली गुलाबी कातडी दिसू लागली.

अण्णा घाबरले. लेकीने विश्वासाने सोपवलेला जीव त्यांच्या डोळ्यांदेखत झडत चालला होता. मग त्यांनी त्याचे लाड सुरू केले. राळ्याची कोवळी कणसे आणून आत टांगली. एकटेपणा वाटू नये म्हणून छोटा आरसा लावला. करमावे म्हणून घुंगरू बांधले. बसायला झोपाळा केला. ऊन लागू नये म्हणून मखमलीचा झालरवाला पडदाही शिवला, आणि तोसुद्धा इतका नेमका की पिंजऱ्यावर कुठे चुणी पडली नाही. अण्णा जीव लावत गेले आणि प्रत्येक लाडाबरोबर आतली जागा थोडी आणखी कमी होत गेली. तुर्रा आरसा आणि घुंगरू यांच्या मधल्या फटीत बसू लागला. हे मात्र अण्णांच्या लक्षात आले नाही. ते दुपारी कान टवकारून बसत आणि शिट्टी येत नाही म्हणून जेवायला विसरत.

अशातच रेवतीला दिवस गेल्याची बातमी आली. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. डोहाळजेवण ठरले. ओटी भरताना लग्नातला हिरवा शालू नेसायचा, अशी तिची हौस होती. त्या शालूवरचे पोलके अण्णांनीच शिवले होते आणि लग्नात सगळ्या बायकांनी त्याची तारीफ केली होती. रेवतीने ते हातात चढवले. ते कोपराच्या वर सरकेना. कसेबसे दंडापर्यंत आले आणि तिथेच अडकले.

"आई, जरा उसव ना," ती हसत म्हणाली. "थोडं सैल केलं की होईल."

इंदूबाईंनी पोलके घेतले, उलटे केले आणि शिवणीवर बोट फिरवले. मग दुसरी शिवण पाहिली. मग बाहीची.

"काय उसवू?" त्या म्हणाल्या. "आत मायाच नाही."

रेवतीचे हसू मावळले. दुसरे पोलके होते, सोहळा काही अडणार नव्हता. पण तेच हवे होते तिला. अण्णा दारात उभे होते. आपल्या सर्वांत सुंदर कामाकडे ते बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या कामाची लाज वाटली.

"मी तुझं माप अगदी बरोबर घेतलं होतं," ते हळूच म्हणाले.

"त्या दिवसाचं घेतलं होतंत," इंदूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी पोलक्याची घडी घातली आणि दुकानातल्या पिंजऱ्याकडे पाहिले. "माया लावलीत हो तुम्ही, लेकीला आणि पाखरालाही. सोडायची तेवढी राहिली."

रेवती पिंजऱ्यापाशी गेली. तिने मखमलीचा पडदा बाजूला केला आणि तुर्र्याची पिसे उपटलेली छाती पाहिली. तिने पिंजऱ्याचे दार उघडले. तुर्रा बराच वेळ बाहेर येईना. मग तो तिच्या बोटावर आला, बोटावरून मशीनवर उतरला आणि इकडेतिकडे बघून त्याने एक पंख हळूच पसरला. तो पंख पसरतच गेला. मग त्याने दुसरा पसरला. पंखांवरचे पांढरे पट्टे असे पूर्ण पसरलेले अण्णांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले. एवढेसे वाटणारे पाखरू मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचल्यासारखे दिसत होते.

अण्णांचा हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला आणि तिथेच थांबला. माप घेऊन काय होणार होते? त्यांनी पंख मिटलेल्या, भ्यालेल्या, अंग चोरून बसलेल्या पाखराचे माप घेतले होते. माप बरोबर होते. फक्त ते पाखराचे नव्हते, त्याच्या भीतीचे होते.

त्याच संध्याकाळी अण्णा शब्बीरकडे गेले. शब्बीर काही बोलायच्या आत म्हणाले, "तो ढगळ पिंजरा दे बाबा."

"विकला नसेल ना, असं तरी विचारा आधी," शब्बीर हसून म्हणाला आणि त्याने आतून पिंजरा काढला. त्यात तीन-चार पाखरे मजेत किलबिलत होती. शब्बीरने त्यांना दुसरीकडे हलवले.

पिंजरा दुकानात ठेवायला जागा नव्हती. दर्शनी काचेमागे मानाच्या जागी एक बिनडोक्याचा पुतळा उभा होता. त्याच्या अंगात अण्णांचा सर्वांत देखणा कोट असे. कोट त्याला कधी आवळला नव्हता. कसा आवळेल, पुतळा कधी हललाच नव्हता. अण्णांनी तो कोट काढला, पुतळा माळ्यावर टाकला आणि तिथे पिंजरा ठेवला. आडवा, लांबरुंद, एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर पंख हलवत जावे एवढा.

तुर्रा आत गेला आणि एका कोपऱ्यात अंग चोरून बसला. त्याने दुसऱ्या दांडीकडे पाहिलेसुद्धा नाही. अण्णा अस्वस्थ झाले. तो एवढा मोकळा पिंजरा त्यांना बघवेना. त्यांनी आरसा हातात घेतला, घुंगरू घेतले, झोपाळाही घेतला.

"राहू द्या मोकळं," इंदूबाई म्हणाल्या.

ही वेळ अण्णांना फार कठीण गेली. हातात लाड होते आणि समोर रिकामी जागा होती. पण त्यांनी हात मागे घेतला. सगळ्या वस्तू खणात ठेवल्या आणि ते मशीनवर जाऊन बसले. रेवतीसाठी हिरव्या खणाचे नवे पोलके बेतायचे होते. त्यांनी माप घेतले, खडूने रेघ मारली आणि कात्री रेघेवर ठेवली. मग कात्री उचलून रेघेच्या बाहेर नेली आणि तिथून कापले. हात पुन्हा पुन्हा रेघेकडे वळत होता. इतक्या वर्षांची सवय होती ती.

डोहाळजेवण थाटात झाले. रेवती नव्या पोलक्यात सुखाने बसली, वाकली, हसली, पोटभर जेवली. तुर्रा अजून कोपऱ्यातच होता. पण त्याने पिसे उपटायचे थांबवले होते. मग एक दिवस तो दांडीच्या मध्यावर दिसला. एक दिवस दुसऱ्या दांडीवर. तो तिथे कधी गेला, ते कोणी पाहिले नव्हते.

असेच दिवस गेले. एका दुपारी अण्णा मशीन चालवत होते. कानावर शिट्टी आली. एक लांब सूर, मग दोन आखूड. अण्णांचा पाय मशीनवरून आपोआप उतरला. ते उठले, अंगण ओलांडून मागच्या दारात आले. रेवती तिथे मटार सोलत बसली होती.

"आलो गं," अण्णा म्हणाले.

"मी नाही वाजवली, अण्णा."

तेवढ्यात दुकानातून पुन्हा शिट्टी आली आणि तिच्या पाठोपाठ पंखांची मोठी फडफड. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसायचे त्यांना सुचले नाही. आतून इंदूबाईंची हाक आली, "उभे काय राहिलात? ताट वाढलंय." अण्णा पाटावर बसले. त्या दिवशी आमटीतून वाफ निघत होती.

तेव्हापासून अण्णांच्या हातचा कपडा किंचित सैल असे. कोणी विचारले, "अण्णा, माप चुकलं की काय?" तर ते म्हणत, "नाही रे. माया आहे ती."

तात्पर्य एवढेच: पाखरासाठी पिंजरा घ्या की माणसासाठी घर करा, माप मिटलेल्या पंखांचे नको, पसरलेल्या पंखांचे घ्या, कारण ज्याला माया लावायची, त्याच्यासाठी थोडी माया सोडावीही लागते.