गुलाबी झग्याचा शेवटचा टाका

विणकामाच्या टोपलीतल्या वस्तू आपापली कामं आपणच करत, त्या काळातली ही गोष्ट. शालनच्या लाकडी ठकीचं, म्हणजे तिच्या लाडक्या बाहुलीचं, लग्न ठरलं होतं आणि क्रोशाची सुई नवरीसाठी गुलाबी झगा विणत होती.

झगा मनाजोगता झाला. शेवटचा टाका उरला, तशी सुईने कात्रीला हाक मारली. लोकरीचा गुंडा कळवळला. “सुईताई, मला तोडू नका हो! हा झगा माझ्यातूनच झाला ना? मग मी त्याच्यापासून वेगळा का होऊ?”

“अरे, धागा कापून टाक्यातून ओढून घेतल्याशिवाय गाठ बसत नाही.”

गुंडा रडायलाच लागला. सुईला त्याची दया आली. तिने कात्रीला परत पाठवलं.

मुहूर्ताची वेळ झाली. शालन झगा घातलेल्या ठकीला उचलून मांडवाकडे पळाली. मागून घरंगळणारा गुंडा दाराच्या फटीत अडकला, धागा ताणला गेला आणि टाक्यामागून टाका सुटत गेला. आंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी उघडीच! वऱ्हाडातल्या बाहुल्या खो-खो हसल्या. ठकीला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण रंगवलेले डोळे मिटतात कुठे?

सुईला कुणीच बोल लावला नाही. पण गाठीवाचून झगा उसवतो हे गुंड्याला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं. तिने पुन्हा पहिला टाका घातला.

शेवटच्या टाक्याशी ती अडखळली. आता हा परत रडणार.

“कात्रीबाई, या इकडे,” गुंडा म्हणाला. “आणि सुईताई, गाठ घट्ट मारा.”