नंदीचे मागचे पाय

“मागचे पाय? मी?”

“तू,” नरहरगुरुजी म्हणाले, आणि ढोलकीच्या दोऱ्या ओढायला लागले.

सुधन्वाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तो गुरुजींच्या फिरत्या बॅले मंडळीत होता. गावोगाव जायचं, मैदानात पडदे बांधायचे आणि एका संध्याकाळी पाच छोटे छोटे बॅले करायचे, असा मंडळीचा शिरस्ता. कुंभाराचं चाक, दोन बगळे, मीठवाल्या, जत्रेतला नंदी आणि शेवटी तांडव. तांडव सुधन्वाचं होतं. बाकीचे चार बॅले लोक केवळ तांडवाची वाट बघत सोसतात, अशी त्याची समजूत होती, आणि ती त्यानं कुणापासून लपवलीही नव्हती.

नंदी म्हणजे गोणपाटाचा बैल. त्याच्या पोटात दोन माणसं वाकून शिरायची. डोकं आणि पुढचे पाय दादूचे, मागचे रघूचे. पण रघू बहिणीच्या लग्नाला गेला होता.

“गुरुजी, मी शंकर करतो.”

“म्हणून तर. बैलाशी तुझी जुनी ओळख असणार.”

नंदीचा निखळलेला डोळा मंडळीतल्या अंबूताई शिवत बसल्या होत्या. त्यांनी सुई थांबवली आणि पदर तोंडाशी धरला.

“पण नंदीनंतर लगेच तांडव आहे. मी कपडे कधी बदलू?”

“आज तांडव नाही.”

“तांडवाशिवाय कार्यक्रम?”

“होईल की. नंदीशिवाय नाही व्हायचा.”

सुधन्वाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “मग उद्या सकाळच्या गाडीनं मी जातो. कायमचा.”

“जा,” गुरुजी म्हणाले. “आज संध्याकाळी मात्र बैलाला चार पाय लागतील.”

आता खरं सांगायचं तर सुधन्वाला सलत होतं ते निराळंच. तो या मंडळीत आला होता एका गोष्टीसाठी. नरहरगुरुजी नाचायला लागले की लोक टाळ्या वाजवायचं विसरतात, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. ते नाचणं त्याला एकदा पाहायचं होतं. पण तो आला तोवर गुरुजींचे गुडघे गेले होते. त्याला दिसली ती फक्त ढोलकीवरची बोटं. तीन वर्षं तो विनवत होता, गुरुजी, एकदाच दाखवा. आणि तीन वर्षं एकच उत्तर मिळत होतं, “दिसेल तेव्हा दिसेल.”

आता न बघताच जायचं. वर बैल होऊन.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात तालीम झाली. नंदीच्या शेपटाला एक दोरी होती. ती आतून मागच्या माणसाच्या उजव्या हातात यायची. सुधन्वा हुशार होता. पहिल्याच फेरीत त्यानं प्रत्येक समेवर दोरी ओढून दाखवली.

ढोलकी थांबली. “हे काय चाललंय?”

“शेपूट हलवतोय.”

“हे माशा हाकतंय. पुन्हा.”

पुन्हा केलं.

“आता?”

“आता घड्याळाचा लंबक झाला.”

“मात्रा चुकली का कुठं?”

“एकही नाही ना. तेच तर म्हणतोय.”

“मग कसं हलवायचं?”

गुरुजींनी कपाळ खाजवलं. “हे बघ, नंदीचं डोकं मालकाला हो म्हणतं. पोटासाठी म्हणावंच लागतं बिचाऱ्याला. शेपूट मात्र मालकाला विचारत नाही.”

“म्हणजे कसं?”

गुरुजी ढोलकीवरची धूळ पुसत राहिले.

“दोरीच आखूड आहे ही,” सुधन्वा कुरकुरला.

बैलाच्या तोंडातून दादूचा आवाज आला, “नाचता येईना अंगण वाकडं! दोरीला कशाला नावं ठिवतोयस रं?”

संध्याकाळी मैदान फुलून गेलं. बायका सतरंज्या घेऊन आल्या, बाप्ये कुंपणाच्या भिंतीवर चढून बसले. कुंभाराचं चाक झालं. बगळ्यांच्या नाचात एकाची चोच गळून पडली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी ती उचलून अदबीनं परत दिली, तेव्हा बगळ्यानंही वाकून नमस्कार केला. मीठवाल्यांनी तर गाव जिंकलंच. सुधन्वा पडद्याआड आपली वळकटी बांधून उभा होता. यातलं काही बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

नंदीची वेळ झाली. पडद्याजवळच्या अंधारात बैल उभा होता, पुढचे पाय भरलेले. सुधन्वा न बोलता मागून आत शिरला. डाव्या हातानं पुढच्याची कंबर धरली, उजव्या हातात दोरी घेतली. गोणपाटाचा भुगा नाकात गेला आणि त्याला आणखीच राग आला.

बाहेर अंबूताई नंदीवाली झाल्या होत्या. त्यांनी गुबुगुबु वाजवलं.

“सांग नंदी, या गावची वांगी गोड का?”

बैलानं मान हलवली. लोक खूश.

“सांग नंदी, इथली सुगरण कुणाला हार जात नाही, खरं का?”

बैलानं मान हलवली. बायका खूश.

“आणि सांग नंदी, इथले बाप्ये बायकांना घाबरतात का?”

बैल इतक्या जोरानं हो म्हणाला की भिंतीवरचा एक जण हसता हसता पलीकडे पडला.

मग ढोलकी सुरू झाली. जत्रेतली ढोलकी ऐकून नंदी मालकिणीला विसरतो आणि नाचायला लागतो, एवढीच त्या बॅलेची गोष्ट.

पहिल्याच थापेला सुधन्वाच्या कपाळाला आठी पडली. थाप जड होती. ही गुरुजींची बोटं नव्हेत. हा दादूचा हात आहे.

दादू ढोलकीवर?

...मग पुढं कोण?

तेवढ्यात त्याच्या हाताखालची कंबर हलली. गोणपाटाच्या वासात नारायण तेलाचा वास आला. ते तेल मंडळीत एकच माणूस रोज सकाळी गुडघ्यांना चोळत असे.

सुधन्वानं मान खाली घातली. बैलाच्या पोटाखालून उजेडाची एक पट्टी येत होती आणि त्या पट्टीत दोन टाचा होत्या. म्हाताऱ्या, भेगाळलेल्या. तीन वर्षं वाट पाहिली ते नाचणं त्याला एवढंच दिसलं.

पण त्या टाचा! जमिनीला लागल्या न लागल्या की उचलल्या जात होत्या, जशी आई तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघते. कधी थबकत होत्या. दादूची ढोलकी मागं पडली तर तिच्यासाठी थांबत होत्या, तिला सांभाळून घेत होत्या, आणि ती आली की तिच्याबरोबर उधळत होत्या. कंबर डावीकडे झुकली की सुधन्वा डावीकडे गेलेला असायचा. आपण कधी गेलो, हे त्याला कळायचंही नाही. त्यानं दोन्ही हातांनी ती कंबर घट्ट धरली. त्याला रडू येत होतं आणि तो मोठमोठ्यानं हसत होता. बाहेर काय कल्लोळ चालला होता, कुणाला काय आवडलं होतं, त्याला पत्ता नव्हता.

लोकांनी ‘वन्स मोअर’ दिला. बैल पुन्हा नाचला. लोकांनी पुन्हा दिला...

अंबूताईंनीच शेवटी कान धरून बैलाला आत नेलं.

आत आल्यावर गुरुजी कपड्यांच्या पेटीवर बसले. घामानं निथळत होते, गुडघे चोळत होते आणि हसत होते. सुधन्वानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. टाचांना हात लावला.

“गुरुजी, तुम्ही नाचलात.”

“बैल नाचला.”

“मला नीट दिसलंसुद्धा नाही. नुसत्या टाचा दिसल्या.”

“पुष्कळ झालं.”

सुधन्वानं डोळे पुसले. मग एकदम ओशाळला. “पण गुरुजी, माझी एक चूक झाली. दोरी हातातून सुटली. शेपूट मी पार विसरलो. एकदाही हलवलं नाही.”

दादूनं अंबूताईंकडे बघितलं. अंबूताईंनी गुरुजींकडे बघितलं.

गुरुजींनी हनुवटीनं पडद्याच्या फटीकडे खूण केली.

सुधन्वानं बाहेर डोकावून पाहिलं. गाव घरी निघालं होतं. एका जाडजूड गृहस्थानं उपरणं मागं शेपटासारखं खोचलं होतं आणि तो बायकोला ते हलवून हलवून दाखवत होता. बायको हसून हसून रस्त्यातच बसली होती. त्यांच्यामागून चाललेल्या पोरांच्या रांगेत तर एकही पोर साधं चालत नव्हतं.

सुधन्वा वळला. नंदी रिकामा पडला होता. आत दोरीही तशीच पडली होती, न ओढलेली.

“गुरुजी, मी जात नाही,” तो म्हणाला. “मला तांडव नको. मागचे पाय कायमचे द्या.”

“ते रघूचे. तो उद्या येतोय.”

“मग मी काय करू?”

गुरुजी दादूच्या खांद्याला धरून उठले. एक पाय झटकला, दुसरा झटकला, आणि लंगडत निघाले.

“उद्या तांडव कर,” ते म्हणाले. “शेपटासकट.”