केरबाने सांभाळलेली अळिंबीची खोली

भुदरगडाच्या अंगाला असलेल्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. आपण भोळे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणायचा, "देवानं मला डोकं दिलंय ते टोपी ठेवायला."

त्याची बायको मंगल हुशार. तिने परसातल्या खोलीत अळिंबी लावली होती. भाताचा पेंढा भरलेल्या चाळीस पिशव्या दोरीला टांगलेल्या, आणि त्यातून पांढऱ्या छत्र्या फुटायला लागलेल्या. रविवारी तालुक्याची समिती खोली बघायला येणार होती. खोली पसंत पडली, तर मंगलच्या बचत गटाला मोठी शेड मिळणार होती. सहा बायका त्या शेडकडे डोळे लावून बसल्या होत्या.

आणि नेमकं गुरुवारी मंगलच्या बहिणीला बाळ झालं. मंगलला जावं लागलं.

"अवो, नीट ऐका," ती म्हणाली. "पारा अठ्ठाविसाच्या वर गेला की खिडकी उघडायची."

"उघडायची."

"डोकं चालवू नका."

"चालतंय कुठं!"

दुपारी पारा एकोणतीस झाला. केरबाने खिडकी उघडली. जाळीही उघडली, कारण जाळी लावलेली खिडकी उघडी कशी म्हणायची? संध्याकाळी पाहतो, तर शेजारच्या आक्काच्या कोंबड्या पिशव्यांवर झोपाळा खेळतायत. एकीने तर अंडंही घातलेलं.

मंगल फोनवर ओरडली, "दिवस मावळला की भोकं बंद करायची! उघडं ठेवायचं न्हाई काही!"

"चुकलंच माझं. आता एक भोक सोडत न्हाई."

शुक्रवारी दिवस मावळला. केरबाने अळिंबीच्या खोलीची खिडकी लावली. मग घराची दारं-खिडक्या लावल्या. उंदराच्या बिळात दगड ठोकला. देवघरातल्या शंखात चिंधी कोंबली. वर चढून धुराड्यावर पोतं घातलं. खाली येऊन भाकरी भाजायला चूल पेटवली.

आक्काने दार लाथेने उघडलं, तेव्हा केरबा धुरात खोकत भाकरी शोधत होता. आक्काने त्याला सदऱ्याला धरून अंगणात ओढलं.

"मुडद्या, कोंडून मरतोस का रं?"

"मला तेवढं कुठं सुचतंय, आक्का. मंगलनं सांगितलं म्हणून केलं."

मंगलने फोनवर कपाळ बडवलेलं त्याला ऐकू आलं. "अवो, हवा कोंडली की सगळ्यात आधी आत असतील त्यांना बाहेर काढायचं! मग बाकीचं!"

"आधी आतल्यांना बाहेर," केरबाने घोकलं.

"आणि अळिंबीकडं ध्यान ठेवा. देठ लांब व्हायला लागले, की समजायचं तिथंही हवा कोंडलीय."

रविवारी सकाळी केरबाने पाहिलं. देठ लांब झाले होते! तो क्षणभरही थांबला नाही. एकेक पिशवी पोटाशी धरून त्याने बाहेर आणली. चाळीसच्या चाळीस अंगणात, उन्हात मांडल्या. ऊन लागून त्या तापल्या, तेव्हा त्यांना वारा हवा म्हणून भात उफणायचा मोठा पंखाही लावला.

दुपारी जीप आली. मंगल उतरली, मागून समितीच्या बाई उतरल्या. अंगणातली अळिंबी पापडासारखी कडक झाली होती. आक्काची शेळी एक पिशवी निवांत चघळत होती. मंगल शेळीला हाकलायला धावली.

केरबाने बाईंना थेट खोलीत नेलं. "बघा. पारा चोवीस. वारा या खिडकीतून येतो, त्या झरोक्यातून जातो. वास न्हाई, माशी न्हाई."

बाईंनी रिकाम्या दोऱ्यांकडे पाहिलं. "खोली फार छान ठेवलीय हो. पण पीक?"

"त्याचीच तर सगळी अडचण होती, बाई," केरबा म्हणाला. "ते आत होतं तोवर ही खोली धड राहतच नव्हती."