कोल्ह्याची गाडी आणि शेजारची सीट

करवंदीच्या रानात एक कोल्हा राहत असे आणि त्याच्याजवळ टर्बोची लाल गाडी होती. कोल्ह्याला गाडी कुठून मिळाली, असे विचारू नका मुलांनो. कोल्हा बोलतो हे तुम्ही निमूट मान्य करता, मग गाडीनेच तुमचे काय घोडे मारले आहे? तर या रानापलीकडे आटलेल्या तळ्याभोवती वळणावळणाचा एक ट्रॅक होता. दर पौर्णिमेला सकाळपासून तिथे ज्याने त्याने आपापली गाडी मनसोक्त पळवावी. शर्यत नाही, बक्षीस नाही. रीत मात्र एक होती. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीत प्रत्येकाने आपल्या घरच्या कुणाला तरी शेजारी बसवायचे. माझी गाडी माझ्या माणसाने निर्धास्त बसावे अशी आहे, एवढेच त्यातून सगळ्यांना सांगायचे असे.

पौर्णिमा जवळ आली तेव्हा कोल्हा आणि कोल्हीण वानराच्या गॅरेजात गेले. वानराने त्यांच्यापुढे सामानाचे दोन ढीग मांडले. एकात टर्बोचा दाब वाढवायचे सामान, घुमणारा सायलेन्सर आणि मागे लावायचा भला मोठा पंख. दुसऱ्यात जाड ब्रेक पॅड, लवकर न उकळणारे ब्रेक ऑइल आणि रस्ता धरून ठेवणारे टायर. "शेठ, पौर्णिमा परवावर आलीय," वानर म्हणाला. "दोन्ही बसवायला वेळ नाही. कोणता बसवू, सांगा."

"अहो, ब्रेकचा घ्या," कोल्हीण म्हणाली. "दिवसभर जोरात पळवायची आणि दर वळणावर दाबायची. जुने ब्रेक टिकतील का?"

"ब्रेक कुणाला दिसतात?" कोल्हा हसला. "लोक काय चाकाखाली वाकून बघणार आहेत?"

"शेवटच्या फेरीत मी बसणार आहे, म्हणून म्हटलं."

"म्हणजे तुझा माझ्यावर भरवसा नाही?" या प्रश्नापुढे घरोघरी सगळेच गप्प बसतात. कोल्हीणही बसली आणि गाडीला पंख लागला.

पौर्णिमेला गाडी अशी काही गरजली की तळ्याकाठचे बगळे उडून गेले. तरस, भेकर, रानडुक्कर सगळे आपापल्या गाड्या सोडून बघायला आले. "वा रे पठ्ठ्या!" रानडुक्कर ओरडले. कोल्ह्याच्या अंगावर मूठभर मांस चढले. पण दुपार कलल्यावर बाभळीच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, तो नेहमीपेक्षा बराच खोल गेला. गाडी कशीबशी वळली. तापून तापून ब्रेक ऑइल उकळले होते, आणि हे कोल्ह्याला त्याच क्षणी समजले. वास्तविक थोड्याच वेळापूर्वी कासवाने सगळ्यांसमोर सांगितले होते, "माझे ब्रेक तापलेत, मी आज थांबतो." त्याला कुणीही हसले नव्हते. उलट भेकराने त्याला उसाचे करवे देऊन सावलीत बसवले होते. गाडी थांबवल्यावर कोल्ह्यालाही तेवढेच म्हणायचे होते. पण रानडुक्कर त्याच्या पाठीवर थाप मारत होते आणि त्याच्याने ते बोलवेना.

तेवढ्यात कान आत दुमडून, हेल्मेट घालून कोल्हीण आली. तिने त्याच्याकडे नीट पाहिले. "सगळं ठीक आहे ना?"

"एकदम ठीक," कोल्हा म्हणाला आणि उगाच आरसा पुसू लागला.

शेवटच्या फेरीत बाभळीच्या वळणावर ब्रेक थेट तळाला टेकला. गाडी वळलीच नाही. वाळूतून घसरत ती बाभळीच्या खोडावर आदळली, तीही कोल्हिणीच्या बाजूने. तिचा पुढचा पाय मोडला. वळणावरच्या दगडावर झेंडी घेऊन उभे असलेले साळिंदर धावत आले, मागोमाग सगळे आले. "काय झालं रे?" साळिंदराने विचारले.

"हिने घाबरून माझा हात धरला," कोल्हा म्हणाला. "स्टिअरिंग सुटलं माझ्या हातातून."

हे तो बोलला तेव्हा कोल्हीण त्याच्याच खांद्याला टेकून उभी होती. तिने सगळे ऐकले. "वहिनी, गाडीत असं घाबरायचं नसतं हो," रानडुक्कर समजुतीने म्हणाले. कोल्ह्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग घरी पाहुणे येऊ लागले. पायाला बांबूच्या काड्या बांधून कोल्हीण पडलेली असे आणि जाताना प्रत्येक जण तिला तोच सल्ला देई, "पुन्हा हात धरू नका हं." ती "बरं" म्हणे. दर वेळी कोल्हा काही तरी निमित्त काढून बाहेर जाई. त्याने वानराकडून पंख काढून घेतला आणि दुसरा ढीग बसवून घेतला. पण लाज गाडीत नव्हतीच, ती त्याच्या पोटात होती. घास उतरेना आणि बायकोपुढे मान वर होईना.

पुढच्या पौर्णिमेला सगळे जमल्यावर तो साळिंदराच्या दगडावर चढला. "हिने माझा हात धरला नव्हता," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेले नाही, म्हणून त्याला पुन्हा म्हणावे लागले. "हिने हात धरला नव्हता. ब्रेक गेले होते. ते मला आधीच कळलं होतं, तरी मी हिला बसवलं."

रानडुकराने खाली पाहत कोल्हिणीला म्हटले, "चुकलं, वहिनी." लंगडत ती कोल्ह्याजवळ आली.

"कळलं तर मलाही होतं," ती म्हणाली. "तुमचा चेहरा उतरला होता. पण तुम्ही ठीक म्हणालात, म्हणून बसले."

कोल्हा तिथेच रडला. संध्याकाळी त्याने गाडीचे दार उघडून धरले. "आता सगळं नवं बसवलंय. येतेस?"

"ब्रेक चांगले असतील," कोल्हीण म्हणाली. "बसेन कधी तरी. आज नको."

ती फेरी कोल्ह्याने एकट्यानेच मारली. बाभळीच्या वळणावर ब्रेक दाबल्याबरोबर लागला आणि गाडी अलगद वळली. कुणी वा म्हटले नाही. शेजारच्या सीटवर नुसता पट्टा पडलेला होता.

तात्पर्य : गाडी थांबेल याची सोय आधी करावी, ती पळेल याची नंतर, आणि सोय राहून गेली असेल तर आपल्या माणसाला शेजारी बसवण्यापूर्वीच तसे सांगावे, कारण त्या वेळची लाज सगळ्यांत लहान असते.