पागोटं घातलेली वांगी

एका गावात एक मानकरी राहत होता. मान कसला, तर वांग्यांचा. हसू नका. त्या गावात वांग्यांचा मान पालखीच्या मानाहून मोठा होता.

गावची रीत अशी होती. आषाढात चातुर्मास लागला की घरोघर वांगं बंद. ते सुटायचं थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला. त्या दिवशी खंडोबाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मगच गावानं वांग्याला हात लावायचा. नैवेद्याची वांगी मानकऱ्याच्या परसातली. त्याच्या बागेत वांगी धरली नाहीत, तर मान शेजाऱ्याकडे जाणार. आणि एकदा दुसऱ्याच्या उंबऱ्यात गेलेला मान परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेजारी साधा माणूस. थंडी वाढली की संध्याकाळी झाडांच्या मुळाशी पाणी सोडायचा, झाडाभोवती तुराट्यांच्या काड्या रोवायचा आणि वरून जुनी पोती टाकायचा. ऊन अंगावर आलं की पोती काढायचा. मानकऱ्यानं हे एकदा पाहिलं आणि भर चावडीवर म्हणाला, "वांग्यांना टोपडी घालतोस? काजळही लाव की. तीट लाव गालाला."

चावडी हसली. मानकऱ्याला चेव आला.

"माझी वांगी बघा. उघड्या अंगानं थंडी झेलतात. झाडं मालकावर जातात!"

शेजारी उठून आपल्या बागेकडे गेला. पण बोललेलं वाऱ्यावर जात नाही. ते गावात राहतं आणि वेळ आली की दारात येऊन बसतं.

त्या वर्षी वेळ आली. चंपाषष्ठी तोंडावर असताना वारा पडला, आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं आणि अशी थंडी उतरली की बाटलीतलं खोबरेल दगड झालं. मानकऱ्याचं कुत्रं चुलीच्या राखेत जाऊन झोपलं. उठवलं तर गुरगुरायला लागलं.

मानकऱ्याची बायको म्हणाली, "अहो, वांगी झाका."

"झाकणार नाही."

"का?"

"लोक काय म्हणतील?"

"चंपाषष्ठीला लोक म्हणतील, भरीत कुठंय."

संध्याकाळ झाली तसा मानकरी बागेत तीनदा जाऊन आला. पानं आताच मान टाकायला लागली होती. वांगी लहान, तुकतुकीत, नैवेद्यापुरती वाढायला आलेली.

पोती शेजाऱ्याकडे होती. मागितली असती तर त्यानं दिली असती. पण मागायला तोंड लागतं, आणि ते मानकऱ्यानं चावडीवर खर्चून टाकलं होतं. मग अंधारून आल्यावर त्यानं घरातलंच कापड काढलं. स्वतःची धोतरं, उपरणी, बायकोची लुगडी. शेवटच्या झाडाला काही उरलं नाही, म्हणून त्यावर खुंटीवरचं मानाचं पागोटं ठेवलं.

बायको दारातून बघत होती. "माझं हिरवं लुगडं त्या वाकड्या झाडाला नको. ते नीट नेसत नाही."

"हळू बोल!"

दुसऱ्या दिवशी पहिला कोंबडा आरवला तसा मानकरी उठला, पळत गेला आणि सगळं कापड गोळा करून घरात आणलं. फटफटायला लागलं तेव्हा बागेशेजारच्या वाटेनं माणसं नदीकडे निघाली. वांगी उघडीच उभी होती.

"वा, मानकरी! खरंच मर्दाची वांगी!"

मानकऱ्यानं मिशीला पीळ दिला. आणि ऊन वर आल्यावर पाहिलं, तर कुंपणाकडची ओळ काळी पडली होती. पानं उकडलेल्या मेथीसारखी लोंबत होती.

बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "थंडीचा खरा दात पहाटेचा असतो. रात्रभर पांघरूण घालायचं आणि नेमकं तेव्हा ओढून घ्यायचं? लेकराला असं केलं असतंत तर मी तुम्हालाच घराबाहेर झोपवलं असतं."

"लोक पहाटेच जातात त्या वाटेनं. मी काय करू?"

"लोकांना झाका मग."

तरी त्या संध्याकाळी तेच झालं आणि पहाटेही तेच. लोकांनी वाहवा केली आणि बागेची मधली ओळ गेली. आता उरली फक्त विहिरीकडची ओळ. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी.

संध्याकाळी मानकऱ्यानं ती ओळ झाकली. ओळ एकच उरली होती, तेव्हा घरातलं सगळं कापड तिच्याच वाट्याला आलं. प्रत्येक झाडाला आत धोतर, वर लुगडं, खांद्यावर उपरणं. पुढच्या झाडाला पागोटं. मानकऱ्याच्या अंगावर लंगोट आणि घोंगडं एवढंच राहिलं.

चंपाषष्ठीची पहाट झाली. तो बागेत गेला आणि सवयीनं पागोट्याला हात घातला. कापड बर्फासारखं गार. त्यानं बोटं आत सरकवली. आत ऊब होती. थोडीशीच, पण होती. हाताला वांगं लागलं, टणक, जिवंत.

तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. शेजारी येत होता, आणि त्याच्या मागे देवळात निघालेला गुरव.

आता ओढलं तर अब्रू वाचत होती. नाही ओढलं तर वांगी वाचत होती. दोन्ही वाचणार नव्हती. मानकऱ्यानं पागोट्यावरचा हात काढून घेतला आणि विहिरीच्या कठड्याआड उकिडवा बसला. पळून जावंसं वाटत होतं, पण लंगोटावर पळणार कुठं?

धुकं होतं. शेजाऱ्यानं कुंपणावरून पाहिलं आणि हात जोडले.

"राम राम, मानकरी!"

पागोटं बोललं नाही.

"राम राम म्हटलं!"

पागोटं ढिम्म. शेजाऱ्याचा पारा चढला. "एवढा ताठा? मान तुमचा वांग्यांचा, आणि मिजास सुभेदाराची! सणासुदीच्या दिवशी माणूस राम राम करतो, तर मानही हलवत नाही!"

गुरवानं डोळे बारीक केले. "अरे, ओरडू नकोस. घरात पाहुणे आलेत वाटतं. केवढ्या बायका उभ्या आहेत रांगेत."

"मग एकीनं तरी ओ द्यावी!"

"बुटक्या आहेत सगळ्या," गुरव म्हणाला. "माहेरची माणसं असतील."

हे मात्र घरात ऐकू गेलं. "कोण म्हणालं ते?" बायको आतून कडाडली. "माझ्या माहेरी कुणी बुटकं नाही!"

आता लपण्यात अर्थ नव्हता. मानकरी घोंगडं सावरत उठला. नाक लाल, मिशीवर दंव.

"राम राम," तो म्हणाला. "मी इकडं आहे. ते वांगं आहे."

गुरव असा हसला की हातातली फुलांची परडी सांडली. वाटेनं जाणारी माणसं थांबली, कुंपणाशी गोळा झाली. कुणी लुगड्यातल्या वांग्याला वहिनी म्हणालं, कुणी पागोट्याला मुजरा केला. शेजारी पोट धरून म्हणाला, "मानकरी, सगळं केलंत, काजळ राहिलं की!"

मानकऱ्यानं ते गिळलं. चावडीवरचा घास होता, ज्याचा त्याला परत मिळाला.

"राहिलं," तो म्हणाला. "हसून झालं की तुझी पोती आण. ऊन यायला वेळ आहे, आणि मला देवळात जायला एक धोतर तरी पाहिजे."

शेजाऱ्याचं हसू थांबलं. तो गेला आणि खांद्यावर पोती घेऊन आला. दोघांनी मिळून एकेक धोतर काढलं आणि एकेक पोतं टाकलं. बघायला काही उरलं नाही, तशी गर्दी पांगली.

ऊन विहिरीवर आलं तेव्हा त्यांनी पोती उचलली. पानं हिरवीगार होती. वांगी हाताला गरम नव्हती, पण मेलेलीही नव्हती. मानकऱ्यानं ती तोडली. टोपलीचा तळ जेमतेम झाकला. नैवेद्याला पुरत होती, गावाला पुरणार नव्हती.

तो टोपलीकडे बघत उभा राहिला. मग शेजाऱ्याला म्हणाला, "तुझी किती आहेत?"

"भरपूर. पण मान तुमचा."

"देवाला माझी. गावाला तुझी. घेऊन ये."

देवळासमोर जाळ पेटला. दोघांची वांगी एकाच विस्तवावर भाजली. गावानं कित्येक महिन्यांनी भरीत खाल्लं, बोटं चाटली आणि पुन्हा मागितलं. कुठलं वांगं कुणाचं, हे एकानंही विचारलं नाही.

तात्पर्य : हसणारे घटकाभर हसतात आणि आपापल्या कामाला जातात, करपलेलं झाड मात्र पुन्हा हिरवं होत नाही. म्हणून जपायचं ते चारचौघांदेखत जपावं.