कोणाच्याच उपयोगाचं नसलेलं घरटं

एका राज्यात गादी होती, छत्र होतं, चामरं होती. राजा तेवढा गादीवर नव्हता. सात डोंगरांपलीकडे, जिथून गाव दिसत नाही की गावचा धूर, अशा एका मळ्यात तो बुजगावणं होऊन उभा होता. त्याचं नाव विक्रांतसेन. मायावी दुर्धराच्या मळ्यातलं शापित सोनं उकरायला तो गेला, आणि कुदळीच्या पहिल्याच घावाला त्याच्या अंगाचं गवत झालं, डोक्याचं मडकं झालं.

त्याची धाकटी बहीण हेमकळा. पोथ्या पुष्कळ शिकलेली, पण पान सळसळलं तरी दचकणारी. बुजगावण्यांना तर ती लहानपणापासून भ्यायची. तरी ती मळ्यात आली. मडक्यावरचे चुन्याचे डोळे पाहून दोन पावलं मागे सरली, मग पुढे होऊन म्हणाली, "दादा, मी आलेय."

बांधावरून दुर्धर बोलला.

"तीन विद्या शीक, भाऊ ने. पहिली, पीक राखायची. दुसरी, गुरं बांधायची. तिसरी, जिचा कोणालाच काही उपयोग नाही अशी."

"आणि नाही जमलं तर?"

"मडक्याला तडा गेलाय, दिसतोय ना? चुकशील तसा वाढेल. फुटलं की संपलं."

हेमकळा मचाणावर चढली. गोफण फिरवली. फट्‌ आवाज झाला तशी स्वतःच घाबरून खाली बसली, आणि खडा दुर्धराचा फेटा घेऊन गेला.

शेजारच्या बाभळीवर एक सुगरण पक्षी घरटं विणत होता. तो म्हणाला, "बाईसाहेब, हे सांगणं माझ्या हिताचं नाही, पण पाखरं इकडे आहेत."

ती गोफण शिकली. मग अंबाडी भिजवून तिच्या सालीचा वाख काढला, तळहात सोलवटून घेत दोर वळला. दुर्धराच्या मस्तवाल बैलाने हिसके देऊन पाहिले. दोर तुटला नाही.

तिसऱ्या विद्येसाठी ती शीळ घालायला शिकली.

"कशासाठी शिकलीस?" दुर्धराने विचारलं.

"दादाला सोडवायला."

"मग उपयोग झाला की!"

तडा बोटभर वाढला. ती धुळीत मोर काढायला शिकली. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तडा डोळ्याला भिडला. तेव्हा तिला डाव कळला. जे शिकेल ते दादासाठीच. मग ते निरुपयोगी होणार कसं? तिने प्रयत्न सोडला, पण दादाला सोडून जाववेना. ती मळ्यातच राहिली. सकाळी पीक राखी, दुपारी दोर वळी.

"कलत्या उन्हात हात रिकामे दिसतात," एकदा सुगरण म्हणाला. "या इकडे."

गवताच्या पात्याला खाच पाडायची, टोक धरून सर्रकन लांब धागा ओढायचा, गाठ मारायची. तिने एक घरटं विणलं.

पक्ष्याने ते फिरून फिरून पाहिलं. "हे घरटं म्हणायचं की भाकरीची टोपली? आमची मंडळी ढुंकूनही बघणार नाहीत."

ती हसली. मळ्यात आल्यापासून पहिल्यांदाच. दुसरं विणायला घेतलं, तेही वाकडंच झालं. टांगायला जागा हवी म्हणून दादाच्या काठीच्या हाताला अडकवलं, आणि तिसरं सुरू केलं.

मागून दुर्धर गरजला, "हे कशासाठी चाललंय?"

ती दचकली नाही. तिने वर पाहिलंही नाही. "थांबा हं, याचं तोंड खाली वळवायचंय."

"अगं, पण कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे?" ती म्हणाली. तिला खरंच उत्तर सापडेना.

मडकं फाटकन फुटलं. आता मात्र हेमकळा किंचाळली. खापऱ्या खाली पडल्या आणि आतून विक्रांतसेनाचं डोकं निघालं. गवताचं अंग झालं, काठीचे हात झाले. नकळत तिसरी विद्या तिला आली होती. बांधावर दुर्धर नव्हता; नुसता फेटा पडला होता.

"हेमे," राजा म्हणाला, "माझ्या हाताला हे काय लटकवलंयस?"

"घरटं आहे, दादा."

"हे?"

बाभळीवरून कोणीतरी खुदकन हसलं.

सोन्याला हात न लावता दोघं परतली. राजा गादीवर बसला, राज्याची घडी बसली. ते घरटं छत्राच्या कडीला टांगलेलं आहे. त्यात अजून एकही पाखरू राहायला आलेलं नाही.